हरवलेल्या आक्का आणि साठ टोपल्या

"ताई, आक्का कालपासून जंगलमा शे. लोके उभा शेतस. आते काय करानं?" सरपंच आबा नाक्यावर मला विचारत होते. त्यांच्या मागे साठेक माणसं, काठ्या आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन तयार.

शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी मी वनपाल आहे. म्हणजे जंगलाच्या एका तुकड्याची जबाबदारी माझी. सत्तरीच्या आक्का आदल्या दुपारी मोहाची फुलं वेचायला गेल्या त्या परतल्याच नव्हत्या. एप्रिलचं ऊन.

साहेबांना फोन लावला.

"शोधपथक ना? मग परवानगी लागणार. आगीचा हंगाम आहे. अर्ज, नावांची यादी, आधारच्या झेरॉक्स, हमीपत्र."

"सर, तोवर आक्का..."

"नियम मी केलाय का?"

तेही खरंच. अर्ज मोबाइलवरून पाठवला, पण डोकं फिरलं होतं. वनहक्क कायद्याने याच लोकांना मोह वेचायला आत जायचा हक्क आहे. फुलं वेचायला मोकळीक, माणूस शोधायला हमीपत्र!

"आबा, आज मोह वेचायला कोण कोण जाणार?" मी विचारलं.

आबा मिशीत हसले आणि मागे वळून ओरडले, "बठ्ठा टोपल्या लई या रे!"

सगळे घरोघरी पळाले, टोपल्या घेऊन आले आणि आक्कांना हाका मारत जंगलात शिरले. दोन तासांनी टोपल्या भरून आल्या. आक्का नाहीत. मी कपाळाला हात लावला. इथे मोहाचं एकेक झाड एकेका घराचं असतं, आणि दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी जात नाही. हातात टोपली आल्यावर जो तो इमानाने आपल्याच झाडाखाली गेला होता!

"आज कुणीच गेलं नाही असं झाड कुठलं?"

"पारूनं झाड," आबा म्हणाले. "ती गुजरातमा कामले गयी."

आम्ही पळतच गेलो. आक्का तिथेच होत्या. पाय मुरगळून सुजलेला, घसा कोरडा, टोपली मांडीवर. पाणी प्यायल्यावर पहिलं वाक्य, "मी चोरी नही करी हां ताई! हाई बठ्ठं पारूसाठे शे."

हाका त्यांनी ऐकल्या होत्या. पण दुसऱ्याच्या झाडाखाली सापडायची लाज वाटली, म्हणून गप्प बसल्या. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

परवानगी तिसऱ्या दिवशी आली. पहिलीच अट: शोधपथकाने कोणतेही वनोपज गोळा करू नये. ती मी नीट फाइलला लावली.

आता कुणी हरवलं की मी अर्ज पाठवते, टोपल्या मागवते आणि आत सोडण्याआधी सगळ्यांना बजावते, आज सगळी झाडं सगळ्यांची.