मामा आणि जावयाचा व्हिडिओ कोच

जगात माणसं दोनच प्रकारची, रेल्वेने जाणारी आणि वाट चुकलेली, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला आणि तो नेमका माझा सख्खा मामा निघाला. मुलुंडला राहणारे आमचे मामा पॅसेंजर गाडीचे गार्ड म्हणून रिटायर झाले, पण ते रेल्वेला कळलं, त्यांना नाही. सकाळी न्हाणीघरात शिरण्याआधी ते दारात उभे राहून "लाइन क्लिअर?" असं विचारत आणि मामी स्वयंपाकघरातून ओरडत, "क्लिअर आहे, जा एकदाचे!" गंमत म्हणजे ज्या कोकणातून हा माणूस आला, तिथे तेव्हा रूळ नावालाही नव्हता. गावाला जायचं तर यष्टीच. सगळा घाट ओकत जायचे आणि उतरल्यावर तोंड पुसत मला म्हणायचे, "बघलंस? तुका काय कळता? रेल्वे ती रेल्वे." जी रेल्वे तिथे नाहीच, तिचं काय घेऊन बसलात, असं विचारायचं माझ्या जिभेवर यायचं, पण मी नुसता कपाळावर हात मारून घ्यायचे.

आणि अशा माणसाच्या नशिबी जावई कोण यावा? मामांची मुलगी नंदा, तिचा नवरा प्रकाश अंधेरीहून पुण्याला व्हिडिओ कोच न्यायचा. मालकही तोच, ड्रायव्हरही तोच. तेव्हा असे कोच पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखे उगवत होते. मागे झुकणारी सीट, समोर सिनेमा, लोक खूश. मामांची मात्र पंचाईत झाली. जावई म्हणजे देवासारखा आणि देवाचा धंदा हा असला! रविवारी ते मुलीकडे जायचे, सुटायला उभ्या असलेल्या कोचच्या काचा आपण होऊन पुसायचे आणि पुसता पुसता तिथल्याच पॅसेंजरांना हळूच सांगायचे, "दादरला जा, तिथून गाडी पकडा, सुखात पोचाल." तेच मामा परतताना प्लॅटफॉर्मवर जुन्या सोबत्यांना ऐकवायचे, "आमच्या जावयाच्या गाडीत काय सीट आहेत, झकास!" आपण कुठल्या बाजूचे हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं, मग आम्हाला काय कळणार डोंबल!

प्रकाश हसून सोडून द्यायचा. नंदाला मात्र ते लागत होतं. लग्न झाल्यापासून बाबांनी त्या गाडीच्या पायरीवर पाय ठेवला नव्हता. एका रविवारी मामा काच पुसत असताना ती सरळ समोर येऊन उभी राहिली. "बाबा, माझ्या नवऱ्याची गाडी तुम्हाला चालत नाही ना? मग मीही मुलुंडला येणार नाही. गणपतीलासुद्धा नाही!" एकुलती एक मुलगी ती. त्या दिवशी मामांच्या घशाखाली घास उतरला नाही. पुढच्या रविवारी सकाळीच माझ्या दारात हजर. "चल गो, पुण्याक जाऊन येऊया." मी विचारलं, "कशाने?" तर ते चपलेकडे बघत पुटपुटले, "कोचने."

प्रकाशने त्यांना पुढची सीट दिली, शेजारी नंदा, मागे मी. सगळे बसले तरी मामा बसेनात. दारातून बाहेर वाकून त्यांनी पुढेमागे पाहिलं, खिशातून रुमाल काढून हलवला, आणि प्रकाशनेही शहाण्यासारखं रुमाल बघूनच गाडी सोडली. खोपोलीला घाटाच्या तोंडाशी एक ट्रक आडवा झाला होता. सगळं ठप्प. कोच थांबल्याबरोबर मामा उठून म्हणाले, "घाबरू नका, मागून इंजिन लावतायत." रेल्वेला घाट चढायला कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात आणि त्यातच यांचा जन्म गेलेला! अख्खा कोच खो खो हसला. मामा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले.

पण हसू किती वेळ टिकणार? ऊन तापलं, सिनेमा बंद झाला, पोरं रडायला लागली. सफारी घातलेला एक गृहस्थ उठून ओरडायला लागला, "वाट लागली! म्हटलं होतं, ट्रेनने जाऊ. पुन्हा या गाडीचं नाव नाही काढणार!" त्याला दहा जणांनी माना डोलावल्या. प्रकाशचा चेहरा पडला. नंदा बाबांकडे बघायला लागली, आणि मी मनात म्हटलं, मेले! आता हा माणूस बोलणार.

मामा उठलेच. "मी रेल्वेत गार्ड होतो," ते म्हणाले. "जन्म तिथे काढला, म्हणून सांगतो. रेल्वेचं काही खरं नाही हो. तासन् तास खोळंबते, कोणी विचारत नाही. इथे निदान आमचे जावई समोर आहेत. त्यांच्यावर भरवसा ठेवा."

सफारीवाला खाली बसला. नंदाने बाबांचा दंड दोन्ही हातांनी धरला. ती हसत होती की रडत होती, मला मागून नीट दिसलं नाही. जरा वेळाने मी पुढे वाकले, तर मामा खिडकीकडे तोंड करून पुटपुटत होते, "ह्या वयात खोटा बोलूचा लागला गो."

रस्ता मोकळा झाला आणि आम्ही घाट चढलो. नंदा त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. लोणावळ्याच्या पुढे रूळ रस्त्याजवळून जातात. तिथे एक पॅसेंजर गाडी आमच्या बरोबरीने धावायला लागली आणि कोचमधली पोरं आनंदाने हात हलवायला लागली. मामांनी एकदाच त्या गाडीकडे पाहिलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले.