अत्तराच्या दुकानासमोरची खुर्ची

विमानतळावर एखादं म्हातारं माणूस चाकांच्या खुर्चीत, दुकानाकडे तोंड करून एकटंच बसलेलं तुम्ही पाहिलंय का? पाहिलं असणारच. मग काय केलंत? वाटलं असेल, घरचं कुणी पाणी आणायला गेलं असेल. बॅग ओढत तुम्ही पुढे निघून गेलात.

हे ज्या बाईमुळे लिहितोय ती त्या खुर्च्या ढकलते. वैमानिकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला मावशी म्हणतात. ती म्हणते, "माणसं मी टाळूवरून ओळखते. तोंडं बाकीच्यांनी बघावीत." कुणाचा कलप उतरलाय, कुणी पुढचे केस ओढून टक्कल झाकलंय, सगळं तिला वरून दिसतं.

पूर्वी आमचा विमानतळ साधा होता. तपासणी झाली की नाकासमोर चालायचं, काचेपलीकडे विमान. मग तो एका कंपनीच्या हातात गेला. पाठोपाठ आजूबाजूचे तिन्ही गेले. 'पटत नसेल तर दुसरीकडे जा' हे बोलायचीही सोय उरली नाही. आगीतून उठून फुफाट्यात जावं म्हटलं, तर फुफाटाही त्यांचाच.

सरळ वाटेत भिंत आली आणि रस्ता दुकानांतून नागमोडी फिरू लागला. बाकडी काढली. बसायचं असेल तर हॉटेलात बसा. घोषणा बंद केल्या आणि त्याला 'शांत विमानतळ' असं गोंडस नाव दिलं. पडद्यावर जाहिरातींच्या मधूनच विमानांच्या वेळा डोकावतात. विमान उतरवायचं भाडं इतकं वाढवलं की संध्याकाळची विमानंच बंद झाली.

आमचं प्रवासी मंडळ फलक घेऊन गेटाबाहेर उभं राहायचं. कामावर येताना मावशी म्हणायची, "उन्हात काळे पडाल, दुसरं काही व्हायचं नाही."

"तुमचं काय जातंय?" मी भडकून विचारायचो.

"माझं काय जातंय? नवी फरशी गुळगुळीत आहे. चाकं पळतात."

ढकलणाऱ्यांवर एक मुकादम होता. लांबून शिट्टी मारून बोलवायचा म्हणून त्याचं नाव शिट्टी. त्याने नवी पद्धत शिकवली. अत्तराच्या दुकानापाशी आलं की खुर्ची फळ्यांकडे वळवायची, मागच्या चाकाजवळचा ब्रेक पायाने दाबायचा आणि जरा लांब उभं राहायचं. प्रवाशाला म्हणे विसावा. प्रत्यक्षात, पळून न जाणारं गिऱ्हाईक. त्या खुर्च्यांची चाकं छोटी, बसलेल्याला स्वतः फिरवता येत नाहीत. ब्रेक तर पाठीमागे. मावशीने ही पद्धत इतकी मनापासून पाळली की तिला उत्तम कामाचा बिल्ला मिळाला. तो ती छातीवर मिरवायची. पुढे पुढे तर त्या दुकानापाशी पाय आपोआपच पडायचा.

आणि एक दिवस तिचा थोरला भाऊ आला. दादाचे गुडघे गेलेले. त्याच्या मुलीचं दूरच्या शहरात दुसऱ्या दिवशी सकाळी मोठं ऑपरेशन होतं. तिने फोनवर एवढंच मागितलं होतं, "बाबा, भूल द्यायच्या आधी तुमचा हात हातात पाहिजे." तिकडे जाणारं विमान दिवसातून एकच.

मावशीने दादाला स्वतः घेतलं.

"अगं हळू. मी काय कोबीचं पोतं आहे?"

"पोतं परवडलं. ते गप्प बसतं."

"टाळूवर काही शिल्लक आहे का बघ."

"आहे, पण विचारू नकोस. रडशील."

"आणि हा बिल्ला कसला?"

"चांगलं काम करते म्हणून दिलाय."

दादाने मान वळवून तो बिल्ला पुन्हा एकदा नीट बघून घेतला.

बोलता बोलता दुकान आलं. खुर्ची वळली, पाय पडला. मावशीच्या ध्यानातही आलं नाही. तेवढ्यात शिट्टी वाजली. खालच्या दाराशी कुणी ताटकळलं होतं, आणि कंपनीने ढकलणारी माणसं निम्म्यावर आणलेली. "मावशी, आधी ते. हे बसलेत ना आरामात." "दादा, आलेच," म्हणून ती गेली. त्या एकाला पोचवलं तर पुढे दुसरं उभं. मग लिफ्ट बंद.

ती धावत परत आली तेव्हा दादा मांडीवर पिशवी घेऊन बाटल्यांकडे बघत बसला होता. त्याच्या पाठीमागे, काचेपलीकडे, त्याचं विमान निघालं होतं.

"हाक का नाही मारलीस कुणाला?"

"ब्रेक लावलास तो आवाज ऐकला मी. म्हटलं, ड्युटीची पद्धत असेल. धाकटीला बिल्ला मिळालाय, आपण आरडाओरडा करून तो कशाला घालवायचा?"

"दुकानातल्या मुलीला तरी सांगायचंस."

"सांगितलं ना. तिने मनगटावर अत्तर लावलं आणि म्हणाली, हुंगून बघा."

मावशीने त्याचा हात धरला. हाताला फुलांचा दाट वास येत होता. मुलीने मागितलेला तोच हात.

बाकीच्या तिन्ही ठिकाणांहूनही त्या दिवशी तिकडे काही जात नव्हतं. रस्त्याने सकाळपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. ऑपरेशन झालं, मुलगी सुखरूप आहे. भूल देताना तिने नर्सचा हात धरला. दादा विचारणाऱ्यांना सांगतो, "माझंच विमान चुकलं." बहिणीचं नाव काढत नाही. मावशी म्हणते, त्याने चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भाऊ-वहिनीच्या दारात उभं राहता आलं असतं. ती अजून तिकडे गेलेली नाही.

ती आमच्या फलकांपाशी आली तेव्हा बिल्ला मुठीत होता. तिने सगळं सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. म्हणालो, "शिट्टीच्या तोंडावर फेकून मारायचा होता."

"ब्रेक शिट्टीने नाही लावला. पाय माझा होता."

"अहो, लावायला शिकवलं कुणी? कंपनीनेच ना?"

"कंपनीचं तुम्ही बघा, ते तुमचं काम. माझ्या पायाचं मी बघते."

ज्यांनी लाजायचं ते गार हवेत बसलेत, आणि ही बाई माझ्यासमोर मान वर करत नव्हती.

ती नोकरी सोडेल असं वाटलं होतं. पण खुर्ची ढकलणारीला दुसरी नोकरी देणार कोण? चारही दारांवर मालक एकच. ती कामावर जाते, पण त्या दुकानापाशी थांबत नाही. शिट्टीच्या शिव्या खाते. बाकीचे अजून थांबतात.

मंडळाचं भांडण चालू आहे, चालू राहील. पण मावशीने तुमच्यासाठी एक निरोप दिलाय. पुढच्या वेळी तशी एकटी खुर्ची दिसली तर पुढे जाऊ नका. समोर जाऊन विचारा, "तुमचं विमान कुठलं?" मागच्या चाकाजवळ एक लाल पट्टी असते. बुटाच्या टोकाने ती वर उचला, आणि त्या माणसाचं तोंड विमानाकडे करा.