वस्ती रिकामी आहे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, ज्यांच्याबरोबर पुरात दिवस काढले त्या लोकांनाही नाही. तुला सांगतेय, आणि आधीच बजावते — ‘जाऊ दे गं, तुझा काय दोष’ असलं काही म्हणायचं नाही. दोष माझाच आहे. तो नेमका कुठला, एवढंच मला नीट सांगायचंय, कारण लोक मला त्याच दिवसाबद्दल शाबासकी देत असतात.

मी शिरोली एमआयडीसीत काम करते. फाउंड्रीतल्या कामगारांना व्हीआरचा गॉगल लावून सुरक्षिततेचे धडे द्यायचे, हे माझं काम. वितळलेलं लोखंड पायावर सांडताना एकदा डोळ्यांनी बघितलं की माणूस पुन्हा चपला घालून भट्टीजवळ जात नाही. ड्रोन हा माझा शौक. काही वर्षांपूर्वी महापूर आला, बचावाच्या कामात ड्रोन उडवणारं कुणीतरी हवं होतं, मी गेले. नृसिंहवाडीच्या पलीकडचं एक गाव, तिथली शाळा, आणि शाळेच्या गच्चीवर मी एकटी, डोळ्यांवर गॉगल. कोण कुठं अडकलंय ते मी वरून बघायचं आणि फोनवर विलासदादांना सांगायचं. बोटी त्यांच्या ताब्यात. कॅमेरा अंगातली ऊब टिपणारा होता. काळ्या पाण्यात जिवंत अंग पांढरं दिसायचं. ड्रोनला भोंगाही होता. मी गच्चीवर बोलले की आवाज तिकडं लोकांच्या डोक्यावर.

अण्णा त्या गावातले म्हातारे शेतकरी; त्यांची वस्ती, म्हणजे राहतं घर आणि गोठा, गावाबाहेर मळ्यात होती. विजेच्या तारा लोंबत होत्या म्हणून बोट बांधापाशीच थांबली. अण्णांची बायको आणि नातू बोटीत जाऊन बसले. अण्णा हलेनात. गोठ्यात त्यांची चंद्री — कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस — आणि तिची रेडी. आमच्याकडं पुरात माणूस का अडकतो, ठाऊक आहे? पोहता येत नाही म्हणून नव्हे. दावणीची जनावरं सोडून पाय निघत नाही म्हणून.

मी भोंग्यातून विनवलं, दरडावलं. ते हातानं नाही नाही म्हणत राहिले. मग त्यांनी विळा उचलला, वर ड्रोनकडं बघितलं आणि दाव्याकडं बोट केलं. म्हणजे — कापू का?

मी म्हटलं, “कापू नका अण्णा. बांधूनच ठेवा. दुसरी बोट येतेय, जनावरं ती आणेल.”

दुसरी बोट नव्हती. जनावरांसाठी तर कुठलीच नव्हती. बोटीच्या इंजिनाच्या आवाजात माझं बोलणं बाकी कुणाला कळलं नाही; ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलं. अण्णांनी विळा वळचणीला खोचला आणि कमरेएवढ्या पाण्यातून चालत येऊन नातवाशेजारी बसले.

आता तू म्हणशील, हेच ते. नाही, हे नाही! ह्या खोट्याची मला लाज वाटत नाही, आणि कुणी कितीही तोंड वेडंवाकडं केलं तरी वाटणार नाही. आदल्याच दिवशी एकानं म्हशींची दावी कापली होती. त्या गेल्या नाहीत, त्याच्याभोवतीच घोटाळत राहिल्या, आणि त्यांना हाकलता हाकलता तो स्वतःच प्रवाहात ओढला गेला. त्याला काढताना आमचे दोघं जाता जाता वाचले. मी ते गॉगलमधून बघितलं होतं. अण्णा आज जिवंत आहेत, नातू शाळेत जातो. उद्या तसाच पूर आला, तसाच माणूस गोठ्यात उभा राहिला, तर मी पुन्हा खोटं बोलेन. चांगलं ठणकावून बोलेन.

मग ही कबुली कसली?

सांगते. घाई करू नकोस — एवढी वर्षं थांबले, अजून दोन ओळी. पूर ओसरल्यावर मी त्याच पुराचा व्हीआर धडा बनवला. बचावाचं काम शिकणारे आता तो गॉगल लावून शिकतात. त्यात एक म्हातारा गोठ्यात अडून बसलेला आहे. त्याला जनावरं आणायचं खोटं वचन दिलं की समोर लाल दिवा लागतो — चूक. फार नावाजला तो धडा. शिकायला आलेल्या एका मुलीनं विचारलं, मॅडम, तुमच्यावर अशी वेळ आली होती का? मी म्हटलं, नाही गं, ऐकीव आहे.

बघ, सराव झालाय मला.

तर — त्या संध्याकाळी. अण्णा शाळेच्या व्हरांड्यात ओल्या कपड्यांनी बसले होते. मी बॅटरी घ्यायला खाली आले तेव्हा त्यांनी विचारलं, दुसरी बोट गेली का. मी ‘गेली’ म्हणाले आणि वर पळाले. अंधारायच्या आधी एक शेवटची फेरी मारायची होती. ड्रोन त्यांच्या वस्तीवर नेला, बाजूनं खाली घेतला. गोठ्यात दोन पांढरी डोकी. बाकी सगळं पाण्याखाली. दोन्ही डोकी वर ताणलेली, एका जागी, कारण दाव्याची लांबी तेवढीच होती.

तेवढ्यात फोन वाजला. विलासदादा. बोट रिकामी परत येत होती, त्याच बाजूनं. त्यांनी सरळ विचारलं, त्या मळ्यातल्या वस्तीवर काय राहिलंय का, जाता जाता बघतो.

मी म्हणाले, “नाही दादा. वस्ती रिकामी आहे.”

हे ते. हे मी केलं.

माझ्या डोळ्यांसमोर दोघी होत्या तेव्हा म्हणाले. का? अंधार पडत होता, तारा होत्या, बोटीतल्यांच्या जिवाला धोका होता — ही कारणं मी पुढं कैक वेळा स्वतःला ऐकवली आहेत. सगळी खरी आहेत, आणि त्यातलं एकही तेव्हा माझ्या मनात नव्हतं. जायचं की नाही हे विलासदादांनी ठरवलं असतं. मी त्यांना ठरवूच दिलं नाही. माझ्या मनात एवढंच होतं, की ते गेले तर विचारतील, बांधून ठेवायला कुणी सांगितलं? दिवसभर सगळे माझं कौतुक करत होते. मला ते संध्याकाळपर्यंत टिकवायचं होतं, बस्स.

फोन ठेवला आणि बघत राहिले. आधी रेडीचं डोकं दिसेनासं झालं. चंद्री बराच वेळ होती. बॅटरी संपत आल्याची शिट्टी वाजली तेव्हाही होती, आणि मी ड्रोन परत बोलावला.

रात्रीत गोठा खांबांसकट वाहून गेला, त्यामुळं मागं काही उरलं नाही. सकाळी अण्णांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की बोट पोचायच्या आधीच दावी तुटली, दोघी पोहत गेल्या, मी वरून बघितलं. हे खोटं कुणाचा जीव वाचवायला नव्हतं. अण्णा तर समोर धडधाकट बसले होते. ते माझ्यासाठी होतं.

आणि त्यांनी विश्वास ठेवला. म्हैस पोहते, कुठल्यातरी काठाला लागते, कुणीतरी धरून बांधतं — होतं असं. तेव्हापासून ते कृष्णेच्या काठानं गावोगाव विचारत फिरतात. कपाळावर चांद असलेली म्हैस, बरोबर रेडी. आता त्या रेडीचीही म्हैस झाली असेल, असं धरून तेही सांगतात.

ह्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. राज्याच्या सीमेपलीकडं त्यांची मेव्हणी असते, अक्का. तिनं एका मळ्यात तसली म्हैस बघितली होती, पण मालक कुणाला आत येऊ देईना. तुझं ते यंत्र घेऊन येशील का, म्हणाले. मी गेले. नाही म्हणता आलं असतं, कामाचं निमित्त होतंच. तरी गेले.

ड्रोनवर ह्या वेळी साधा, रंग दाखवणारा कॅमेरा होता. गॉगल त्यांना हवा होता. मी त्यांच्या डोळ्यांवर चढवला, पट्टा आवळला आणि छोट्या पडद्यावर बघत उडवत राहिले. ते मान इकडंतिकडं वळवून हळूच हाक मारत होते — चंद्रे, चंद्रे. मला म्हणाले, जरा खाली घे की पोरी. मी घेतला. म्हैस उसाच्या शेंड्यांचं वाडं खात उभी होती. कपाळ पांढरं होतं, पण अर्धं.

“ही न्हवं,” अण्णा म्हणाले. गॉगल काढून त्यांनी डोळे पुसले, बांधावर बसले आणि माझ्या हाताला धरून म्हणाले, “तू बगितलंस म्हणून तरी ठावं हाय, कुठं तरी जित्या हाईत. न्हाईतर कुटनं कळलं असतं?”

हीच वेळ होती. आम्ही दोघंच होतो, आजूबाजूला कुणी नव्हतं, ते माझ्याकडंच बघत होते.

मी विचारलं, पलीकडच्या मळ्यातही बघायचं का. ते लगेच उठले. मी बॅटरी बदलली, गॉगल पुन्हा त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि ड्रोन उडवला.