लाल गाडी, चार भोंगे

गाडीचा आवाज ऐकण्यासाठी माणूस गाडी चालवतो, हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं. तोवर गाडीतून आवाज यायला लागला की ती गॅरेजला न्यायची, एवढंच मला माहीत होतं.

हे नवं ज्ञान मला दिलं बेळगावच्या वसंतरावांनी. त्यांच्या महेशला माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे अक्काची, मुलगी सुजाता सांगून आली होती. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होती, पत्रिका जुळल्या होत्या. अडलं होतं ते एकाच गोष्टीवर, आणि ती गोष्ट दोन्हीकडचं कुणीही तोंडातून काढत नव्हतं. सुजाता जोयड्याला दवाखान्यात नर्स आहे. लग्नानंतर तिनं नोकरी सोडावी, असं वसंतरावांच्या बायकोचं, शोभाताईंचं, म्हणणं असल्याचं आमच्या कानावर आलं होतं. अक्काचं घर बाजारकुणंगला, आत रानात. म्हणून बोलणी करायला बैठक ठरली माझ्या घरी, रामनगरच्या बाजारात. (बाजारात घर असलं की सगळ्यांच्या बैठका आपल्याकडे आणि सगळ्यांच्या पिशव्याही आपल्याकडे.)

ठरल्या दिवशी पाहुणे आले. शोभाताई आणि महेश साध्या गाडीतून उतरले. त्यांच्या मागून वसंतराव आले ते एका लालभडक, बुटक्या, टप नसलेल्या गाडीतून. फार जुनी परदेशी स्पोर्ट्‌स कार. बसायला दोघंच, तेही जेवणाआधी. गाडी बंद केल्यावरही ती जरा वेळ खोकत राहिली.

"मित्राची हाय," वसंतराव बायकोकडे न बघता म्हणाले. "त्याला व्हिडिओ करून पाहिजे. कॅसलरॉकपर्यंत जंगलातनं जायचं, यायचं. चित्र कसंबी येऊ दे, आवाज मात्र चांगला पाहिजे. इंजिनाचा, गिअरचा, सायलेन्सरचा. बाळू, तुम्ही शूटिंग करतासा न्हवं?"

मी शूटिंग करतो. लग्नं, बारशी, मुंजी. शिवाय साउंडही माझाच. माझ्या टेम्पोवर, ड्रायव्हरच्या डोक्यावर, पुढे तोंड केलेले चार भोंगे आहेत आणि मागे हौद्यात मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर, बॅटरी असा सगळा संसार आहे. आदल्या संध्याकाळीच मी त्यावरून व्हॉलीबॉलच्या सामन्यांची घोषणा करत गावभर फिरलो होतो. भाचीच्या सासऱ्याला खूश करायची अशी संधी सोडणं मला शक्यच नव्हतं. "अहो, आवाज म्हणजे माझा हातखंडा," मी म्हणालो. माझी बायको आत पोहे परतत होती. तिचा झारा एकदम थांबला, तेवढंच.

मी तयारीला लागलो. एक बिनवायरचा माईक सायलेन्सरजवळ बांधला आणि वारा लागू नये म्हणून त्याला माझी कानटोपी घातली. दुसरा माईक डॅशबोर्डखाली चिकटवला, कारण वसंतरावांना गिअरचा आवाज हवा होता. दोन्ही माईक टेम्पोतल्या मिक्सरला जोडले, आणि मिक्सर रेकॉर्डरला. मी हौद्यात मागे तोंड करून बसणार, कमरेला दोर बांधून, एका हातात कॅमेरा, कानांवर मोठे हेडफोन. टेम्पो चालवायला दाजी, म्हणजे सुजाताचे वडील. दाजी भातशेती करतात आणि अगदीच गरज पडली तर बोलतात.

"शेजारच्या सीटवर कोणतरी बसाया पाहिजे," वसंतराव म्हणाले. "रिकामी सीट बरी दिसत न्हाई. सुजाता, तू बस."

अक्कानं सुजाताला आत नेलं, पदर सारखा केला आणि हळू आवाजात बजावलं, "विचारलं तरच बोल. आणि नोकरीचं तर विचारलं तरी बोलू नको."

माझ्या डोक्यात पहिला शॉट तयार होता. गावाच्या टोकाच्या पेट्रोल पंपापासून निघायचं, बाजारातून यायचं, आमच्या दारात सगळी मंडळी उभी राहून हात करतील, आणि लाल गाडी दिमाखात पुढून जाईल. सगळ्यांना दारात उभं करून आम्ही पंपावर गेलो आणि निघालो.

इंजिनाचा आवाज कानात शिरला तेव्हा मात्र वसंतरावांचं वेड मला थोडं समजलं. भरल्या पोटानं वाघानं जांभई द्यावी तसा आवाज. मी खूश. रस्त्यावरचे लोकही खूश दिसत होते. आम्ही पुढे गेलो की मागे राहिलेला प्रत्येक माणूस दुकानातून बाहेर येऊन टेम्पोकडे बघत होता. दाढी करून घेणारा एकजण अर्ध्या दाढीनिशी बाहेर आला. म्हटलं, काय ही गाडीची जादू.

आमचं घर जवळ आलं आणि टेम्पो थांबला. पुढे गोव्याकडून आलेला एक ट्रक आणि एक बस समोरासमोर अडकली होती, आणि दोन्ही ड्रायव्हर खाली उतरून एकमेकांना कानडीत समजावत होते. मागे वसंतरावांनी गाडी बंद केली. हेडफोनमध्ये एकदम शांतता झाली. आणि त्या शांततेत सुजाताचा आवाज आला, अगदी कानाजवळ बोलल्यासारखा.

"काका, गाडी बंद का केली?"

"तापते ग. म्हातारी झाली की ती." वसंतराव सुजाताकडे झुकले. "तुला एक सांगू? घरात बोलू नको. ही गाडी मित्राची न्हाई. माझीच हाय."

"मग काकूंना?"

"तिला मित्राची म्हणून सांगितलंय. मित्राच्या शेडमधी ठेवलीया, तेवढं खरं. रविवारी भजनाला जातो म्हणून जातो आणि गाडी पुसत बसतो."

मी कॅमेऱ्यातून बघत होतो. दोघंही निवांत होती. आपण दुसऱ्याचं खासगी बोलणं ऐकतोय हे मला कळत होतं. पण हेडफोन काढले तर आवाजाची पातळी कशी बघणार? कामाची निष्ठा म्हणून ऐकत राहिलो.

"तुझा मामा न्हेमी असंच शूटिंग करतोय काय?" वसंतराव म्हणाले. "मघापास्नं बघालोय, अर्धा वेळ कॅमेरा आभाळाकडं हाय."

मी कॅमेरा हळूच खाली घेतला.

"मामाचं काय विचारू नका काका. शेजारच्या लग्नात अक्षता पडताना त्यानं पंख्याचं शूटिंग केलंय. पण माणूस लई चांगला हाय. त्याला वाईट वाटंल असं काय बोलू नका."

"छे छे, मी कशाला बोलतोय. पण लग्नाला दुसरा कोणतरी बघूया."

"त्ये आमच्या आईनं कवाच ठरवलंय."

अक्कानं? ज्या अक्काच्या लग्नात मी करवला होतो, त्या अक्कानं? मला घोटभर पाणी प्यावंसं वाटलं, पण दोर कमरेला बांधलेला आणि पाण्याची बाटली दाजींजवळ.

"काका, तुम्ही तुमचं सांगितलासा, आता मी माझं सांगते," सुजाता पुढे म्हणाली. "महेश मला आवडलाय. पण मी नोकरी सोडणार न्हाई. आई म्हणती, विचारलं तरच बोल. आज कोण विचारायचं न्हाई, आणि लग्न झाल्यावर सगळी एकदम विचारतील. तवा मी न्हाई म्हटलं तर मीच वाईट."

वसंतरावांनी स्टिअरिंगवरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाले, "मला विचारशील तर सोडू नको. बिलकूल सोडू नको. पण मला आमच्या घरात विचारतंय कोण? विचारत असते तर गाडी लपवून ठेवली असती काय मी?"

तेवढ्यात ट्रक मागे सरकला. वसंतरावांनी गाडी चालू केली आणि माझ्या कानात पुन्हा वाघ आला. आमच्या दारासमोरून जाताना मी मोठ्या उत्साहानं मंडळींकडे कॅमेरा वळवला. कुणीच हात करत नव्हतं. अक्का तोंडाला पदर लावून उभी होती. महेश चपलेकडे बघत होता. शोभाताई गाडीकडे बघत होत्या, एकदाही पापणी न लवता. उन्हात उभं करून ठेवल्यामुळे मंडळी कंटाळली असणार, असा मी अंदाज केला.

गाव सुटलं, जंगल लागलं. एवढी मोठी गुपितं अख्ख्या रामनगरात फक्त आपल्याला ठाऊक, या विचारानं मी जरा ताठ बसलो होतो. अपमान गिळायचा, पोरीचं गुपित पोटात ठेवायचं आणि काम करत राहायचं. मोठी माणसं हेच करतात.

"ऐकलीस काय?" हेडफोनमधून वसंतराव ओरडून सुजाताला सांगत होते. "आपल्या इंजिनाचा आवाज डोंगर कसा परत देतोय बघ. बेळगावात असं घुमत न्हाई."

एका वाडीजवळ तर कमालच झाली. भाताच्या खाचरांतून बायका-माणसं बांधावर आली आणि पत्र्याचे डबे, थाळ्या वाजवायला लागली. असं स्वागत मला आयुष्यात कुठे मिळालं नव्हतं. मी कॅमेरा मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी नमस्कार केला. (नंतर कळलं, रानातून हत्ती उतरलेत असं समजून ती मंडळी त्यांना हाकलत होती.)

त्याच्या पुढच्या वळणावर फॉरेस्टच्या गार्डानं टेम्पो अडवला. तो दाजींशी हातवारे करून काहीतरी बोलला. दाजी खाली उतरले, मागे हौद्याजवळ आले, माझ्याकडे एकदा बघितलं, अ‍ॅम्प्लिफायरचं एक बटण दाबलं आणि काही न बोलता परत जाऊन बसले. शेतकरी माणूस, यंत्राचं कुतूहल असणार. मी सोडून दिलं.

कॅसलरॉकला स्टेशनाबाहेर शेवटचा शॉट घेतला आणि दुपारच्या आत आम्ही परत आलो. शोभाताई आमच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या.

"फिरवून झाली मित्राची गाडी?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"झाली की," वसंतराव म्हणाले. "लगेच परत देऊन टाकायची हाय."

"रविवारी भजनाला जातासा तवा द्या."

वसंतरावांच्या हातातली किल्ली खाली पडली. शोभाताईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या सुजाताजवळ गेल्या आणि तिचा हात धरला. "तू नोकरी सोडू नको. बदली मिळंल तवा मिळंल, तोवर महेश येत-जात राहील. मनातलं आधी सांगितलीस ते बरं केलीस. आमच्या घरात तशी सवय न्हाई." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं आपण घरी बघू."

अक्का रडायलाच लागली. दाजी जाऊन विहिरीवर उगाच तोंड धूत बसले. मी चकित. शोभाताईंना हे सगळं कळलं कसं? बाई अंतर्ज्ञानी असणार, असं मी बायकोला हळूच म्हणालोसुद्धा. ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत राहिली, ती नजर मी त्यापूर्वी एकदाच बघितली होती, सासऱ्यांच्या डोळ्यांत, लग्न ठरताना.

पंगत बसली. सगळे गप्प जेवत होते. मला वाटलं, वातावरण जरा हलकं करावं. शिवाय मनाला लागलेलं होतंच, त्यावर आपणच फुंकर घालावी.

"वसंतराव आपल्या कामावर लई खूश हाईत," मी भात कालवत म्हणालो. "गाडीत सुजाताला म्हणत हुते, असला कॅमेरामन बेळगावात शोधून सापडायचा न्हाई."

वसंतरावांना ठसका लागला. सुजाता पानात बघत राहिली. माझी बायको आमटीचं भांडं घेऊन उभी होती.

"आणि आभाळाकडं कॅमेरा असं म्हणत हुते, त्ये?" तिनं विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? तुम्हीच. चार भोंगे आपल्या दाराकडं तोंड करून हुते. बस अडकली हुती, त्यातली माणसंबी खाली उतरून ऐकत हुती. केस कापायच्या दुकानातला इचारून गेला, पोरीचं जमलं काय म्हणून."

माझा घास हातातच राहिला. आदल्या संध्याकाळी व्हॉलीबॉलची घोषणा झाल्यावर अ‍ॅम्प्लिफायर बंद करायचा राहिला होता. भोंग्यांची तोंडं पुढे आणि पाठ मागच्या गाडीतल्या दोघांकडे, माझं तोंड मागे, आणि कानांवर हेडफोन.

"दाजी," मी म्हणालो, "तुम्ही तर भोंग्याच्या खालीच बसलेला. तुम्हाला ऐकू आलं न्हाई?"

"आलं की."

"मग बंद का केला न्हाईसा?"

दाजींनी ताक संपवलं. "पोरगी बोलत हुती," ते म्हणाले. "जल्मात पयल्यांदा मनातलं बोलत हुती. तिला मधीच कसं बंद करू?"

मग शोभाताईच पहिल्यांदा हसल्या, आणि त्यांच्यामागून सगळे. वसंतरावसुद्धा, जरा चाचरत. मीही हसलो, कारण पंगतीत एकटंच न हसणं फार दिसतं.

वसंतरावांना दुपारी रेकॉर्डिंग ऐकायचं होतं. कॅसलरॉकच्या रस्त्यावरचा गाडीचा तो आवाज. मी रेकॉर्डर काढला, हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले, बटण दाबलं. ते डोळे मिटून बराच वेळ बसले आणि म्हणाले, "बाळू, काय ऐकूच येत न्हाई." बरोबरच होतं. अर्ध्या तालुक्यानं ऐकलेली ती गोष्ट रेकॉर्ड करायची मात्र राहून गेली होती.

लग्न यथासांग झालं. शूटिंगला खानापूरचा माणूस, साउंड दुसऱ्याचा. अक्कानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाळू, तू मामा हाईस. मामा म्हणून नवरीच्या मागं उभा ऱ्हा. कशाला हात लावू नको." मी उभा राहिलो. कशालाही हात लावला नाही. अल्बम आला तेव्हा बघितलं, तर प्रत्येक फोटोत सुजाताच्या मागे माझा उजवा हात वर आहे. खानापूरच्या त्या माणसाला मी सगळा वेळ खूण करत होतो की जरा डावीकडे सरक. बघणाऱ्यांना वाटतं, मामा पोरीला आशीर्वाद देतोय. मी त्यांना तसंच वाटू देतो.