गच्चीवरची शेड आणि खालचे बाक

किस्से गोळा करायला काही लोक गावोगाव हिंडतात म्हणे. आमच्या नोएडातल्या टॉवरमध्ये ती गरज नाही. मे महिन्यात धुळीची आंधी सुटली की किस्से आपोआप वरून पडतात. कुंड्यांबरोबर!

*

बाबांनी सगळी नोकरी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली आणि रिटायर होऊन थेट बाविसाव्या मजल्यावर आले. पहिल्याच आंधीत पंखा झुलला. "भूकंप! भूकंप!" करत बाबा आईला घेऊन जिन्याने खाली. मागोमाग अर्धा टॉवर. वरून काचा आणि डिश अँटेना येत होत्या, नेमके तिथेच सगळे शिस्तीत उभे!

मी म्हटलं, "बाबा, उंच बिल्डिंग वाऱ्यात थोडी हलणारच. आत चला."

"कॉलेज अर्धवट सोडणाऱ्याने बिल्डिंगबद्दल बोलू नये."

सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला सोडलं. तोवर वारा शिकवून झाला होता, यार!

*

शुक्ला अंकलनी बाल्कनी काचेने बंद केली. "अब हवा आएगी ही नहीं!"

हवा आली. काचेसकट.

*

आमच्या दोन टॉवरमधल्या फटीत वारा कोंडतो आणि डबल जोराने सुटतो. कमिटीने मेन गेट उचलून तिथेच नेलं. का? वास्तू! म्हणे लक्ष्मी आत येईल. आतापर्यंत धूळ, पॉलिथिन आणि समोरच्या टॉवरमधली एक चड्डी आलीय.

*

मग कमिटीचे सेक्रेटरी कर्नल काका पेटले. गच्चीवर योगासाठी पत्र्याची शेड! बरोबर तिच्याखाली बागेतले बाक, आणि तिथे आई रोज संध्याकाळी बसते.

मीटिंगमध्ये मी ओरडलो, "वारा पत्रा दाबत नाही, उचलतो! एवढ्याशा बोल्टांवर राहणार नाही तो. खाली माझी आई असते!"

"बेटा, मी बर्फात तंबू ठोकलेत."

"तिथे खाली बाक नव्हते, काका!"

बाबांनी सगळ्यांदेखत मला गप्प केलं आणि हात वर केला. ठराव एकमताने पास. वा!

*

परवा पुन्हा आंधी. वर पत्रा धडाधड वाजायला लागला. लिफ्ट बंद. आईसाठी मी जिन्याने धावत सुटलो.

आई लॉबीत! कर्नल काकू आणि शुक्ला आंटींबरोबर निवांत गप्पा मारत.

"तू इथे कशी?"

"अरे, शेड झाल्यापासून आम्ही बाकावर बसतच नाही. बाबांनीच बजावलंय. तुला सांगू नको म्हणाले."

"आमच्या ह्यांनीही," काकू म्हणाल्या.

"हमारे इन्होंने तो कसम दी है!" शुक्ला आंटी.

काचेतून बाहेर पाहिलं, तर धुळीत बाकावर कुणीतरी होतं. धावत गेलो. आमच्याकडे कामाला येणारी सुनीता आणि आणखी दोघी, ओढणीत तोंडं गुंडाळून. आजवर कामवाल्या बायका या बागेत नुसत्या टेकल्या तरी गार्ड हाकलून द्यायचा.

"दीदी, उठो! अंदर चलो!"

सुनीता जागची हलली नाही.

"डाँटो मत, भैया. शेड बनने के बाद कमिटी ने खुद परमिशन दी है, हम यहीं बैठें."