पिल्लाचं वजन आणि आम्ही तीन शहाणे

माझा नवरा चटईच्या कारखान्यात कामाला आहे. तिथल्या फाटकापाशी एक कुत्री ट्रकखाली गेली. तिची बाकीची पिल्लं कुणी ना कुणी उचलली आणि उरलेलं एक हा जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून घरी घेऊन आला. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे त्याला माहीत होतं.

माझ्या आधी सासूबाईच कडाडल्या. त्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, म्हणून मीही अक्काच म्हणते. "आठे आपलेच जागा पुरत नही, आनी हाई काय लई उना?" पण सासरे गेल्यापासूनच्या वर्षभरात त्या एवढं मोठं वाक्य पहिल्यांदाच बोलल्या होत्या. एरंडोलजवळचं घर बंद करून आम्ही त्यांना जळगावला आमच्या दुसऱ्या मजल्यावर आणलं होतं. तेव्हापासून त्या जिना उतरल्या नव्हत्या. अर्धी भाकरी खायच्या, तीही माझं तोंड बंद राहावं म्हणून. त्यांचं हे वाक्य ऐकलं आणि पिल्लू ठेवायचं, असं मी त्याच क्षणी ठरवून टाकलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी पिल्लू उलटंसुलटं करून पाहिलं आणि पाच आठवड्यांचं असेल म्हणाले. मऊ भिजवलेलं खाणं दिवसातून चारदा, थोडं थोडं. गाईम्हशीचं दूध अजिबात नाही, पचत नाही. ऊब द्यायची, जंताचं औषध सांगितलेल्या दिवशी द्यायचं आणि रोज वजन करायचं. मी सातवीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. संतुलित आहार हा तर माझा हातखंडा विषय. फूटपट्टी घेऊन मी तक्ता आखला आणि फ्रिजवर चिकटवला. अक्कांनी तो लेकाकडून वाचून घेतला. "माय नही त्याले, आनी दूध बी नही?" म्हणाल्या आणि देवघरात जाऊन बसल्या.

आमच्याकडे वजनकाटा नव्हता. खाली किराणा दुकान आहे. शेठचे आजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. पिल्लू तोलायचं म्हटल्यावर शेठ जरा विचारात पडले. मग त्यांनी साबुदाण्याचा रिकामा डबा काट्यावर ठेवला, आकडा शून्यावर आणला आणि म्हणाले, "घाला आत." पिल्लू डब्याच्या काठावरून गिऱ्हाइकांकडे बघू लागलं. शेठनी तूरडाळीचं वजन सांगावं त्या आवाजात जाहीर केलं, "एक किलो तीनशे वीस!" रांगेतल्या एका बाईने टाळ्या वाजवल्या.

मी शाळेतून येईपर्यंत दुकानात गर्दी होते, म्हणून चार वाजता पिल्लू खाली न्यायचं काम अक्कांनी स्वतःहून घेतलं. एक दिवस घरी आले तर दाराला कुलूप. खाली पळत गेले, तर अक्का दुकानाच्या पायरीवर, मांडीवर पिल्लू, आणि चार बायकांना पिल्लाचं कालचं वजन सांगताहेत. मला रडू आलं. जिन्यात उभी राहून रडून घेतलं आणि मग वर गेले. त्या दिवसापासून हे पिल्लू जगलंच पाहिजे, असं माझ्या मनाने घेतलं. ते गेलं असतं, तर अक्का पुन्हा जिना उतरल्या नसत्या.

आणि नेमकं त्यानंतर चौथ्या दिवशी वजन वाढायचं थांबलं. पाचव्या दिवशी ते घटलं आणि सहाव्या दिवशी पिल्लाला जुलाब सुरू झाले. डॉक्टरांना फोन करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. कसं येईल? विज्ञानाची बाई घरातच होती ना. पोट बिघडलं की लंघन, एवढं तर शाळेतल्या पोरालाही कळतं. मी तक्त्यातल्या चारांपैकी तीन वेळा लाल पेनाने खोडल्या.

मग पिल्लू शहाण्यासारखं झोपायला लागलं. दिवसभर झोप. ना रडणं, ना चप्पल चावणं. शेजारीपाजारी कौतुक करून जात. "कितलं गुणी लेकरू शे!" असं अक्का सगळ्यांना सांगत होत्या. मीही शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, आमचं पिल्लू फार समजूतदार आहे.

रविवारी सकाळी ते मान उचलेना. डोळे खोल गेले होते. पाठीची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. आम्ही तिघं रिक्षात बसलो. मागून स्कूटरवर शेठ निघाले. दुकानाचं शटर अर्धं ओढून आले होते. म्हणाले, "रोजचं वजन मला तोंडपाठ आहे, डॉक्टरांना लागेल."

डॉक्टरांनी पिल्लाच्या कातडीखाली सलाईन सोडलं आणि आमच्याकडे वळून विचारलं, "याला कोण काय देतं?"

कुणीच काही देत नव्हतं. आम्ही चौघंही भिंतीवरच्या गाईच्या चित्राकडे बघत राहिलो.

"मला खरं कळलं नाही, तर हे वाचणार नाही," डॉक्टर म्हणाले.

पहिल्यांदा शेठ फुटले. वजन घटलं तेव्हा एका गिऱ्हाइकाने काट्याकडे बोट दाखवलं होतं. "साहेब, तीन पिढ्यांत माझ्या काट्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं." म्हणून तोलायच्या आधी ते पिल्लाला दुकानात आत नेऊन वाटीभर दूध पाजत होते, वर चमचाभर तूप. तेवढ्यापुरतं वजन भरायचं. तासाभरात जुलाब व्हायचे.

मी शेठवर तोंड सोडलं. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "मी बाळगुटी दिधी."

मुरडशेंग, हिरडा, वेखंड आणि जायफळ, सहाणेवर उगाळून, सकाळ-संध्याकाळ. मुरडशेंगेचे चार वेढे जुलाबासाठी, जायफळाचे तीन वेढे शांत झोप लागावी म्हणून. "बठ्ठा पोरेसले दिधी. कोन मरनं?" आमच्या समजूतदार पिल्लाच्या समजूतदारपणाचं मूळ जायफळात होतं. ते कुत्र्याला बाधतं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि अक्कांचा चेहरा पांढरा पडला.

"अहो, मी तक्ता लावला होता!" मी ओरडले. "खाणंसुद्धा बंद ठेवलं होतं मी याचं!"

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. "किती वेळ?"

"दोन दिवस. एकदाच देत होते."

"ताई, एवढ्या पिल्लाला उपाशी ठेवतात का? त्याच्या अंगात ताकद साठलेली असते कुठे? दूध आणि जायफळ याने कदाचित सोसलंही असतं."

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते हेच. एकाने भरलं, एकीने झोपवलं आणि मी उपाशी मारायला निघाले होते. नवऱ्याने एवढ्या दिवसांत काहीच केलं नव्हतं, आणि आमच्यात निर्दोष तेवढा तोच निघाला.

घरी येताना डॉक्टरांनी सुई नसलेली सिरिंज आणि साखरमिठाच्या पाण्याची पूड दिली. दर अर्ध्या तासाला थोडं थोडं पाजायचं होतं, आणि संध्याकाळपर्यंत पोटात राहिलं तरच पुढचं बघायचं. घरात शिरताच अक्का दाराजवळ खाली बसल्या. "मी जास गावले," म्हणाल्या. "मना हातले आते काही देऊ नका." सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता.

मी पिल्लाला घेऊन बसले. सिरिंज तोंडात घातली की ते मान फिरवत होतं. पाणी बाजूने ओघळत होतं. मी घाईने दाबलं आणि दोनदा पाणी त्याच्या नाकात गेलं. मी वर्गात हजार पोरांना आहार शिकवला असेल, पण मला कुणाला भरवता येत नाही. आता बाहेरगावी शिकणारं माझं पोरगंही लहानपणी गावाकडे अक्कांनीच वाढवलं, मी शाळेत होते.

मी उठले आणि पिल्लू अक्कांच्या मांडीवर ठेवलं. सिरिंज हातात दिली. म्हटलं, "अक्का, चूक माझीही आहे. माझ्याने होत नाही. तुम्हीच पाजा."

त्यांनी पिल्लाला कुशीत आडवं घेतलं आणि बोटाने त्याचा जबडा हलकेच उघडला. सहा पोरं, अकरा नातवंडं आणि गावातली कितीतरी बाळं त्यांनी अंदाजाने वाढवली होती. कुणाला कधी काही विचारलं नव्हतं. त्यांनी सिरिंज उजेडात धरली आणि माझ्याकडे बघून हळू आवाजात विचारलं,

"कितलं देऊ, बाई?"