फौजदारबाईंची खुर्ची

२०१९ साल, मी एकाहत्तर वर्षांचा. नातीवर जबरदस्ती झालेली. सुनेनं हट्ट धरला म्हणून पोलीस ठाण्यात गेलो.

फौजदारबाई टेबलामागची खुर्ची ओढून नातीशेजारी बसल्या. "आठवेल तिथून सांग बाळा, मागंपुढं झालं तरी चालेल."

ती आधी डिझेलच्या वासाचंच बोलली. मी खेकसलो, "अगं, पहिल्यापासून नीट सांग!"

"आजोबा, तुम्ही बाहेर बसा."

बाहेर बाकावर बाईंचं 'मागंपुढं झालं तरी चालेल' डोक्यात घोळत राहिलं. बिथरलेलं वासरू मी कधी दावं हिसकून जवळ आणलं नाही. नातीला मात्र घरी चारदा खोदून विचारलं, आणि दर वेळी वेगळं सांगते म्हणून खोटारडी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नातीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सुनेला म्हणालो, "पोरगी खरं बोलती. मीच चुकलो."